सॉर्बेट दुप्पट केलं, तरी बुरशी

तिसऱ्या दिवशी मक्याची टॉर्टिया (मेक्सिकन पातळ पोळी) दुमडली की दोन तुकडे, सातव्या दिवशी पाकिटात हिरवे ठिपके. टेक्सासमधल्या आमच्या कारखान्यात दोन्ही तक्रारी एकाच आठवड्यात आल्या. उत्पादनवाल्यांनी नेहमीचाच इलाज केला, पोटॅशियम सॉर्बेट हे बुरशीरोधक दुप्पट. बुरशी होती तिथेच.

मी मक्याच्या गोळ्याचा पीएच घेतला (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). (या गोळ्याला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात, मालवणकरांनी हुरळून जाऊ नये.) 10 ग्रॅम गोळा 90 मिली पाण्यात ढवळला, आकडा आला 7.4. सॉर्बेटमधलं जे आम्ल विघटित होत नाही, तेच बुरशीला रोखतं. 5.5 पीएचला ते 15 टक्क्यांच्या आसपास उरतं, 7.4 ला पाव टक्कासुद्धा नाही. मग दुप्पट घाला नाहीतर चौपट!

पीएच चढवतो तो चुना, आणि मका शिजवताना तो तर लागतोच. 100 किलो मक्याला 1 किलो, 90 अंशांवर पाऊण तास, मग रात्रभर त्याच पाण्यात. साल त्यानेच सुटतं, गोळा त्यानेच धरून राहतो. पण सकाळी मका नीट धुवावा लागतो, नाहीतर चुना गोळ्यात उरतो. नव्या पाळीने तीन पाण्यांचं एकच केलं होतं, आणि पाणी वाचवल्याबद्दल शाबासकीही मिळवली होती.

धुणं पूर्ववत केलं, फ्युमॅरिक आम्ल घालून पीएच 5.5 वर आणला. शिवाय चवड गरम असतानाच पाकीटबंद होत होती, आतून घाम सुटायचा. आता 30 अंशांखाली आल्याशिवाय पिशवी नाही.

तुटण्याचं कारण मात्र वेगळं. भाजताना फुललेला स्टार्च निवला की पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि हे सर्वांत वेगाने होतं फ्रिजच्या 4 अंशांना. दुकानदार बुरशीच्या धास्तीने माल तिथेच ठेवत होते. आम्ही कोरड्या पिठात अर्धा टक्का गवार गम मिसळला आणि पाणी थोडं वाढवलं. गम थेट पाण्यात टाकला तर साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात, त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. गमने ओल टिकते, स्टार्चचं बांधलं जाणं थांबत नाही. त्यासाठी माल्टोजेनिक अमायलेज, स्टार्च तोडणारं एन्झाइम. तेही जास्त झालं तर टॉर्टिया एकमेकींना चिकटतात.

ठिपके गेले, घडी टिकली. भाजणीवरच्या मेक्सिकन बाईंनी एक तुकडा चघळून विचारलं, “चुन्याचा वास कुठे गेला?” आंबटसर लागत होती, पिवळसर झाकही उतरली होती. सध्या 5.8 वर चालवतोय. तिथे कामाचं आम्ल जेमतेम 8 टक्के, म्हणून पाकिटावरची मुदत कमी करा म्हणतोय. विक्री विभाग ऐकत नाही.