पिंपळाखालचा वीर

पहिली चूक वेळेची. सोलापूरहून विजापूर रोडने निघालो, वडकबाळला सीना ओलांडली, मंद्रूपला चहा झाला आणि मामांच्या गावी पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. मारुतीच्या देवळामागे पिंपळाखाली कमरेएवढा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, शेंदराने माखलेला, वर पानांच्या सावलीचे ठिपके. कोरलंय काय, काही कळेना. मामा म्हणाले, "आत्ता न्हाई दिसायचं. ऊन कलल्यावर ये."

मधला वेळ हत्तरसंग-कुडलला काढला. सोलापूरहून थेट गेलात तर साधारण 40 किलोमीटर, भीमा-सीनेच्या संगमावर. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940चा, म्हणजे इ.स. 1018चा मराठी शिलालेख आहे: 'वाछि तो विजेया होइवा', वाचील तो विजयी होईल. मान अवघडते, बॅटरी न्याच. शेजारचं 359 मुखांचं शिवलिंगही चुकवू नका. जेवण मिळेल या भरवशावर मात्र जाऊ नका. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेली होती.

पाचला परत आलो. ऊन आता बाजूने घासून जात होतं आणि दगडावर माणसं उमटली होती. वीरगळ खालून वर बघायचा. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि गाई. त्यातल्या एकीने मान वळवून मागे पाहिलंय. गाई आहेत म्हणजे हा गुरं सोडवताना पडला. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतात. वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय, आणि डोक्यावर चंद्र-सूर्य: ते असेतोवर याची कीर्ती. नाव मात्र कुठेच नाही. यादवकाळात असे दगड गावोगाव उभे राहिले, त्यातले कितीतरी असेच बिननावाचे.

गाव त्याला म्हसोबा म्हणतं. लढाई कोणाशी झाली, कोणाला ठाऊक नाही, पण नवं जोडपं आधी इथेच पाया पडतं. चौकातल्या पुतळ्यांपेक्षा मला हेच गावाचं खरं युद्धस्मारक वाटलं. राजासाठी नव्हे, दावणीच्या जनावरांसाठी मेलेला माणूस! बाजूला कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली छोटी सतीशिळा आहे. मामी तिला न चुकता कुंकू लावते.

गावाचं नाव लिहीत नाही. सुटे दगड उचलून नेणारे फिरतात, असं मामांनी बजावलंय. सीनाकाठच्या जुन्या गावांत वेशीजवळ, मारुतीच्या पारावर शोधा. चपला काढा, आधी विचारा. शेंदूर खरवडू नका, कोरीव ठळक दिसावं म्हणून खडूही फिरवू नका. ऊन नसेल तर बॅटरी बाजूने तिरपी धरा, तेवढं पुरतं. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुततं. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा.

आणि परतीला अर्धा तास जास्त धरा. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे आम्ही वडकबाळपर्यंत रांगत आलो.