गुळव्याची बोटे

लातूर परिसरात हंगाम बदलला की आमच्या जळीत कक्षातील रुग्णांच्या भाजण्याची कारणेही बदलतात. एरवी स्टोव्हचा भडका, गॅसची गळती, अंगावर सांडलेला चहा किंवा डीपीवर बसलेला विजेचा झटका अशी कारणे असतात. हिवाळ्यात गुऱ्हाळे पेटली की त्यांत उकळत्या रसाने भाजलेल्या मजुरांची भर पडते. मी या कक्षात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. जखमा भरून आल्यानंतर रुग्णाला हात-पाय हलवायला शिकवणे एवढेच आमचे काम असते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते दाखल झाल्याच्या दिवशीच सुरू होते, आणि नातेवाइकांचा सर्वाधिक रोषही त्याच दिवसांत आमच्या वाट्याला येतो.

वेळअमावस्येच्या आधीच्या आठवड्यात अडतीस वर्षांचा एक गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ तयार करणारा कारागीर, दाखल झाला. संक्रांतीमुळे गुळाला मागणी होती आणि गुऱ्हाळ रात्रंदिवस चालू होते. काहील (रस आटवायची मोठी कढई) उचलून पाक वाफ्यात (गूळ निववण्याच्या उथळ हौदात) ओतताना आकडा निसटला आणि पाक त्याच्या छातीवर, पोटावर, दोन्ही हातांवर आणि गळ्यावर उडाला. गूळ तयार होताना पाकाचे तापमान ११५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असते. शिवाय पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, अंगाला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. सोबतच्या माणसांनी त्याला ताबडतोब बोअरच्या पाइपाखाली बसवले आणि बराच वेळ त्याच्यावर पाणी सोडले. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरणे हाच खरा प्रथमोपचार आहे. शाई, टूथपेस्ट, हळद, शेण असे काहीही न लावता आलेला रुग्ण आमच्याकडे विरळाच. त्या मजुरांच्या शहाणपणामुळे त्याच्या जखमांची खोली निश्चितच कमी राहिली.

सर्जननी ‘३२ टक्के’ असे लिहिले आणि ते त्याच्या धाकट्या भावाच्या कानावर पडले. वाचण्याची शक्यता बत्तीस टक्के, असा त्याने अर्थ घेतला आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून तो खालीच बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि त्याचाच हात उघडून दाखवला. बोटांसह आपला तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण एक टक्का, एक अख्खा हात म्हणजे नऊ टक्के, छाती आणि पोट मिळून अठरा. या हिशेबाने त्याच्या भावाची बत्तीस टक्के त्वचा भाजली आहे, असे समजावले. धोका मोठा होताच आणि तो मी लपवला नाही. वय आणि भाजलेल्या भागाची टक्केवारी यांची बेरीज जितकी वाढते तितका जिवाचा धोका वाढतो; इथे ती सत्तर होती, काळजीची होती, पण हातपाय गाळावेत अशी नव्हती. व्हरांड्यातील इतर नातेवाईक मात्र “इतका भाजलेला माणूस काही घरी जात नसतो” असे त्याला ऐकवत होते. अशी वाक्ये लोक सांत्वनाच्या सुरात बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या पायातले बळ काढून घेतात, याचा मला आजही संताप येतो.

पहिला दिवस सलाइनचा असतो. साठ किलो वजनाच्या या रुग्णाला २४ तासांत साडेसात लिटरांहून अधिक द्रव द्यायचा होता, आणि त्यातला निम्मा भाजल्याच्या वेळेपासूनच्या आठ तासांत. दुसऱ्या दिवशी चेहरा इतका सुजला की डोळे मिटले. डोळे गेले, असे समजून त्याच्या बायकोने हंबरडा फोडला. ही सूज दोन-तीन दिवसांत उतरते, हे सिस्टरांनी तिला सांगितले. विश्वास मात्र चौथ्या दिवशी त्याने तिच्याकडे पाहिले तेव्हाच बसला.

माझा खरा सामना झाला तो त्याच्या आईशी. गळा भाजलेल्या रुग्णाला आम्ही उशी देत नाही. उलट खांद्यांखाली गुंडाळी ठेवून मान मागे झुकवतो. हात अंगापासून दूर पसरून आणि कोपर सरळ ठेवून बांधतो. मनगट किंचित मागे, बोटांची मुळे वाकलेली आणि बोटे सरळ राहतील अशा रीतीने पंजाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, लावतो. रुग्णाला यातले काहीच सुखाचे नसते. मान पुढे, कोपर वाकलेले, मूठ मिटलेली अशा स्थितीत त्याला आराम वाटतो, आणि नेमक्या त्याच स्थितीत भरून येणारी त्वचा आखडते. पुढे हनुवटी छातीला आणि दंड बरगड्यांना जखडले जातात. आईला हे कसे कळावे? तिला दिसत होते ते एवढेच, की वेदनेने तळमळणाऱ्या मुलाची उशीही कोणीतरी काढून घेतली आहे. रात्री ती लुगड्याची घडी करून त्याच्या डोक्याखाली सारायची आणि सकाळी मी ती काढायचो.

“साहेब, माझ्या लेकराला कामून छळायलाव?” असे तिने एकदा सगळ्या कक्षासमोर विचारले. “आजी, ही कातडी वाळताना आक्रसते. आज मान वर राहिली नाही, तर उद्या याला आभाळ बघता येणार नाही,” असे मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “भिजलेली वाहाण उन्हात वाळली की आखडती, तसंच का?” याहून नेमके मलाही सांगता आले नसते. त्या दिवसापासून मानेची राखण तिने स्वतःकडे घेतली. झोपेत मुलाची मान पुढे आली की ती हलकेच त्याला हाक मारायची. तिच्या डोळ्याला डोळा लागत होता की नाही, कोण जाणे.

“धीर धरा” हे सांगणे सोपे आहे; पण धीर धरायला हाताला काही काम लागते, असे माझे या कक्षातील अनुभवावरून मत झाले आहे. आम्ही कामे वाटून दिली. स्प्लिंट कधी काढायचे आणि कधी घालायचे, याची जबाबदारी भावाकडे गेली. त्याने मोबाइलवर गजर लावले. आहार बायकोकडे आला, आणि तिथे एक अडचण उभी राहिली. भाजलेल्या शरीराला प्रथिने फार लागतात, दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ते दोन ग्रॅम. आम्ही सहसा अंडी सुचवतो. पण हा रुग्ण माळकरी होता आणि अंड्याचे नाव काढताच त्याने मान फिरवली. त्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी बायकोला विचारले, “ताई, शेतात काय पेरता?” उत्तर आले, सोयाबीन. घरात पोत्यांनी सोयाबीन होते, ते आडतीवर जायचे, पण ताटात कधी आले नव्हते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे छत्तीस ग्रॅम प्रथिने असतात. मग भाजून दळलेल्या सोयाबीनच्या पिठाची धपाटी, घट्ट वरण, दही, शेंगदाण्याचा लाडू असा डबा रोज येऊ लागला, आणि त्याने काय व किती खाल्ले हे ती एका वहीत लिहू लागली. त्या वहीत पुढे त्याचा ताप, त्याची झोप आणि त्याचे बोलणेही आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसल्यामुळे कर्जाची टांगती तलवार नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. पैशाची विवंचना असली की आशा धरायलाही सवड मिळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्वचारोपण झाले. मांडीची पातळ त्वचा काढून, तिला जाळीसारखी छिद्रे पाडून, ती हातांवर आणि छातीवर बसवली. त्यानंतर पाच दिवस तो भाग अजिबात हलवायचा नसतो. काम थांबताच घरची मंडळी पुन्हा कासावीस झाली. पाचव्या दिवशी सर्जन सलाइनने भिजवून एकेक पट्टी सोडवत होते. बायको दाराबाहेर उभी होती आणि मी आतून बाहेर आल्याबरोबर तिने एवढेच विचारले, “लागली का?” उजव्या कोपरापाशी एक तुकडा सोडला तर बाकी सगळी लागली होती.

तो स्वतः मात्र यात फारसा खुलला नाही. त्याची काळजी वेगळीच होती आणि ती त्याने पहिल्या आठवड्यातच मला विचारली होती : “डॉक्टर, बोटाला पाक कळंल का?” गुळव्याचे कसब थर्मामीटरवर चालत नाही. पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, बोटांत घेऊन त्याची गोळी वळायची, आणि काहील कधी उतरवायची हे त्या स्पर्शावरून ठरवायचे. वीस वर्षे त्याने तेच केले होते. त्याच्या हातांचा वरचा भाग खोल भाजला होता. परंतु तळहाताची आणि बोटांच्या आतली त्वचा जाड असल्याने ती बरीच बचावली होती. म्हणून मला आशा होती, मात्र शब्द देण्याची माझी तयारी नव्हती.

एका रविवारी त्याची आठवीतली मुलगी भेटायला आली होती. मी बायकोला घरून पाच-सहा प्रकारचे धान्य आणायला सांगितले होते. त्याचे डोळे पंचाने बांधले आणि मुलीने एकेक दाणा त्याच्या अंगठ्यात व तर्जनीत ठेवला. ज्वारी त्याने लगेच ओळखली. करडईचे टोक बोटाला लागताच नाव घेतले. तुरीला जरा वेळ लागला. अनामिका आणि करंगळी यांत जवस ठेवले तेव्हा मात्र त्याला काहीच कळले नाही, आणि त्याचा चेहरा उतरला. इतक्यात आईने पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि काही न बोलता नातीच्या हातात दिला. त्याने तो तर्जनी-अंगठ्यात धरला, चुरगाळला, पुन्हा चोळला. “ह्यो कोणाच्या गुऱ्हाळाचा? लवकर उतरवलाय. अजून दोन कढ पाहिजे होते.” भावाच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही उठून आले. पंचा सोडला तेव्हा त्याला कळेना, की एवढ्या माणसांनी आपल्या खाटेला का वेढले आहे.

घरी गेल्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. व्रण जाड होऊ नयेत म्हणून अंगाला घट्ट बसणारे प्रेशर गारमेंट दिवसाचे तेवीस तास घालायचे असते, तेही वर्षभर किंवा त्याहून अधिक. आणि लातूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. खाजेने तो रात्ररात्र जागायचा. खोबरेल तेलाचे मालीश आणि व्यायाम बायकोने एकही दिवस चुकू दिले नाहीत.

पुढच्या हंगामात तो गुऱ्हाळावर परतला आहे. काहील उचलण्याचे काम भाऊ आणि इतर मजूर करतात. हा बाजूला उभा राहून थेंब मागवतो आणि उतरवायची वेळ सांगतो. मान पूर्ण वर जाते. उजवे कोपर अजून शेवटचे पंधरा अंश सरळ होत नाही आणि त्यासाठी लहानशी शस्त्रक्रिया करायची की नाही, हे सर्जन हंगाम संपल्यावर ठरवणार आहेत. तोवर रात्री स्प्लिंट बांधण्याचा गजर भावाच्या मोबाइलवर चालू आहे.