सही

"तू असतीस तर सही केली असतीस का गं?" भांडी आवरताना लेकीने विचारलं आणि माझा हात तिथेच थांबला.

विषय रोबेर ब्राझियाकचा चालला होता. फ्रेंच लेखक, संपादक, नाझींचा पाठीराखा. ज्यूंना घालवताना लहान मुलंही मागे ठेवू नका, असं याने १९४२ मध्ये छापून लिहिलं. जानेवारी १९४५ मध्ये एका दिवसात खटला, देशद्रोहासाठी मृत्युदंड. दुसरं महायुद्ध अजून चालूच होतं.

लेखकांनी तेव्हाच्या फ्रेंच सरकारच्या प्रमुखाकडे, जनरल द गॉलकडे, ब्राझियाकसाठी दयेचा अर्ज केला. त्यावर कादंबरीकार मोरियाकची सही होती. ज्याच्यावर ब्राझियाकने वर्तमानपत्रातून हल्ले केले, तोच मोरियाक! आणि लेखक काम्यूची. स्वतः नाझींविरुद्ध भूमिगत वर्तमानपत्र चालवलेला माणूस. सही करायची की नाही, या विचारात त्याने एक रात्र तळमळत काढली. ब्राझियाकबद्दल त्याला तिरस्कारच होता, पण मृत्युदंड मान्य नव्हता. लेखिका सिमोन द बोव्हारने मात्र सहीला नकार दिला. तिच्या डोळ्यांसमोर नाझींच्या हातून मारले गेलेले मित्र होते.

द गॉलने अर्ज फेटाळला. ६ फेब्रुवारीला ब्राझियाकला गोळ्या घातल्या.

लेकीला अजून उत्तर दिलेलं नाही. ती लहान मुलं आठवली की पेन खाली ठेवावंसं वाटतं. मग काम्यूची ती रात्र आठवते.

तुम्ही केली असती सही?