सोलापूरचा ध्रुव

आमच्या भूगोलाच्या सरांनी अक्षांश आधी फळ्यावर शिकवले आणि मग आकाशात दाखवले. वार्षिक परीक्षा आटोपून एप्रिल लागला होता. रात्री नऊला मैदानावर या, कोनमापक आणि दोरा घेऊन या, एवढाच निरोप होता. दोऱ्याला सोलापुरात काय तोटा! वर्गातल्या कितीतरी घरांत माग चालत.

ध्रुव बघायचा म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माथ्याकडे वळल्या. बाळ ध्रुवाची गोष्ट ऐकलेल्याला वाटतेच, अढळपद मिळालेला तारा सर्वांत तेजस्वी असणार. प्रत्यक्षात त्याच्याहून ठळक तारे चाळीसेक तरी आहेत. सरांनी सप्तर्षींतले पुलह आणि क्रतू दाखवले, त्यांना जोडणारी रेघ पुढे पाचपट न्यायला सांगितली. उत्तरेच्या झाडांवर थोडासाच वर, तो एकटा सापडला.

मग कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला लोखंडी नट. एकाने सरळ कडेवरून ध्रुवावर नेम धरायचा, दुसऱ्याने दोरा कुठे लोंबतो ते वाचायचे. 72 आले. 90 मधून वजा केले, 18. सरांनी बॅटरीच्या उजेडात नकाशासंग्रह उघडला : सोलापूर, सुमारे 17 अंश 40 कला उत्तर. काय गलका झाला तेव्हा! उत्तर ध्रुवावर हा तारा माथ्यावर, विषुववृत्तावर क्षितिजाला टेकलेला. मधल्या प्रत्येक गावी त्याची उंची म्हणजेच त्या गावाचा अक्षांश. आपले गाव पृथ्वीवर नेमके कुठे आहे, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी मोजले होते.

पृथ्वीचा अक्ष त्याच्याकडे रोखलेला आहे म्हणून तो अढळ दिसतो, आणि तरी खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या-पाऊण अंशावर राहून रोज लहानसे वर्तुळ काढतो, हेही सरांनी त्याच रात्री सांगितले. अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक फेरा डोलतो. पाचएक हजार वर्षांपूर्वी हा मान ठुबान या ताऱ्याकडे होता, आणखी 12,000 वर्षांनी अभिजित त्या बाजूला येईल. बहुतेक शतकांना ध्रुवबिंदूपाशी इतका ठळक तारा लाभतच नाही. आम्हाला लाभला, याचे मला आजही अप्रूप आहे.

पुढे नोकरीसाठी दिल्लीला गेलो. तिथे ध्रुव 28 अंशांच्याही वर चढलेला पाहिला आणि घर किती दूर राहिले ते कळले.

या महोत्सवी वर्षात मुलांकडून हे मोजमाप पुन्हा करवून घ्यावे, अशी शाळेला विनंती आहे. फक्त दिवाळीच्या सुट्टीत नको, त्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. एप्रिलमध्ये ठेवा आणि उत्तरेकडचे दिवे तासभर बंद करा. कोनमापक, दोरा आणि नट मी घेऊन येतो.