पँट ३४ चीच येत होती, पण पोट ९८ निघालं

मला कोणी कधी जाडा म्हटलंच नाही. उंची १६५, वजन ७१, हातपाय काटकुळे, थोडं पोट सुटलेलं एवढंच, आणि ते तर आमच्याकडे सगळ्यांनाच असतं. गेल्या वर्षी मुतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी केली, खडा नव्हता पण रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर ग्रेड २, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेली. दारूचा थेंब घेत नाही मी, मग लिव्हरला काय झालं?

डॉक्टरांनी वजनकाटा बाजूला ठेवला आणि टेप काढला. शर्ट वर, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. ९८ सेंटीमीटर! आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० च्या वर धोका धरतात. मी म्हटलं अहो माझी पँट ३४ ची आहे, तर म्हणाले पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २६, आणि आपल्या लोकांना २५ पासूनच लठ्ठपणा धरतात हे मला तेव्हा कळलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक कितीतरी वर्षं हेच सांगतायत, दिसायला बारीक पण आत चरबी जास्त. ही आतली चरबी लिव्हरमध्ये साठते, मग इन्सुलिन नीट काम करत नाही, साखर वाढते. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासली तर ६.१, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. आईला डायबेटिस होता, तिचा पाय डोळ्यासमोर आला आणि त्या रात्री झोप लागली नाही.

गोळी लगेच दिली नाही, आधी सात-आठ टक्के वजन उतरवा म्हणाले. चहा दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे नुसते चहातून जात होते, तो दोन कपांवर आणला, बिनसाखरेचा, पहिले पंधरा दिवस फार जड गेले. रात्रीचा भात बंद, एक भाकरी आणि उसळ, तेही आठच्या आत, यात बायकोने खूप साथ दिली, स्वतःचं जेवणही तिने लवकर केलं. सकाळी अजिंक्यतारा चढायला लागलो, सुरुवातीला अर्ध्यात धाप लागायची. तिसऱ्या महिन्यात काटा हलेचना, हताश झालो होतो, पण टेप लावला तर पोट दोन सेंटीमीटर कमी झालेलं, त्यावरच पुढे टिकलो.

आठ महिन्यांनी वजन ६५.५, पोट ८९, साखर ५.६. घोरणंही कमी झालंय असं बायको म्हणते.

दिवाळीत धाकट्या भावालाही टेप लावला, तो माझ्यापेक्षा बारीक दिसतो. ९४ निघालं. सोमवारी त्याला घेऊन रक्त तपासायला चाललोय.