पाळकाची रजा, चार रविवार आणि गाडीने कन्याकुमारी

अहिल्यानगरहून पुणे-कोल्हापूर-हुबळीमार्गे किनाऱ्याला लागून कन्याकुमारी, आणि परतताना मदुराई, तंजावर, चेन्नई, वेल्लोर, बंगळूर हा फेरा साधारण पावणेचार हजार किलोमीटरचा होतो. नातेवाइकांकडचे फाटे धरले तर चार हजारांच्या वर. गाडी सोळाचा अ‍ॅव्हरेज देत असेल तर अडीचशे लिटर पेट्रोल. पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, मात्र त्याआधी रविवारांचा हिशेब करावा लागतो. कोणत्या रविवारी कोणत्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेला उभं राहायचं हे आधी ठरवा, मग मधले दिवस आपोआप बसतात. उलट केलं की शनिवारी रात्री अकरा वाजता अनोळखी गावात पार्सनेज (तिथल्या पाळकाचं घर) शोधत फिरावं लागतं.

मला सोयीचा वाटला तो काळ २० जानेवारीनंतरचा. शबरीमलाचा मकरविळक्कू उत्सव १४ जानेवारीच्या सुमारास होतो, तोवर कोट्टयमकडचे रस्ते यात्रेकरूंच्या गाड्यांनी भरलेले असतात. त्याच आठवड्यात तमिळनाडूत पोंगल, म्हणजे लॉज महाग आणि निम्मी माणसं गावी गेलेली. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळ किनाऱ्यावर परतीचा पाऊस असतो, आणि जूननंतर केरळ व कारवारचा पट्टा. २०२४ च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावरच दरड आली होती, तेव्हा पावसाळ्यात हा रस्ता नकोच. दुसऱ्या टोकाला भस्म बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात. त्याआधी घरी पोचायलाच हवं. २०२६ साली तो १८ फेब्रुवारीला होता, त्यामुळे चार रविवार निवांत मिळत होते. २०२७ ला तो १० फेब्रुवारीला येतो, म्हणजे एक रविवार गेला. अशा वर्षी मदुराईहूनच बंगळूरकडे वळावं आणि पूर्व किनारा वेगळ्या सुट्टीसाठी ठेवावा. दोन्ही कोंबायला गेलं की नातेवाइकांकडे नुसता चहा होतो.

रजेचा अर्ज पास्टोरेट कमिटीपुढे (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) निदान दोन महिने आधी ठेवावा. संदेश (प्रवचन) द्यायला मंडळीतले वडील (एल्डर) तयार असतात, पण प्रभूभोजन दीक्षित पाळकच देऊ शकतो. म्हणून महिन्याचा पहिला रविवार शेजारच्या पाळकांकडून लेखी कबूल करून घ्या. जानेवारी-फेब्रुवारी लग्नांचेही दिवस, तेव्हा विवाहाचं रजिस्टर आणि कपाटाची किल्ली कोणाच्या ताब्यात आहे हे सेक्रेटरींना ठाऊक हवं. अचानक दफनविधी आला तर कोणाला बोलवायचं, तो नंबर वेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकाच्या खोलीच्या) फळ्यावर लिहून ठेवावा. आपल्याला फोन करून उपयोग नसतो. आपण घाटात असतो.

बिशपांचं शिफारसपत्र सोबत हवंच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, चर्च ऑफ साउथ इंडिया (सीएसआय) आणि केरळचं मार थोमा चर्च यांच्यात पूर्ण सहभागिता आहे, त्यामुळे सीएसआयच्या किंवा मार थोमा मंडळीत व्यासपीठ आणि प्रभूभोजनाचा मेज दोन्ही मोकळे असतात, पण ओळख कागदावर लागते. पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, दीक्षेची तारीख घालून घ्या. त्याच्या चार-पाच प्रती न्या, एक फोनमध्ये ठेवा.

गाडी स्वतःच्या नावावर असेल तर आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स एवढं पुरतं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला राज्याराज्यांत परमिट लागत नाही. गाडी चर्चच्या ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टींच्या सहीचं, चालकाचं नाव आणि तारखा घातलेलं पत्र जवळ असू द्या. सीमेच्या नाक्यावर पहिला प्रश्न तोच येतो. मंडळीतल्या कोणाला सोबत नेऊन डोईजड खर्च वाटून घेण्याची आपल्याकडे फार हौस. ते भाडं ठरलं तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. सोबत्याला जेवण घालू द्या, पैसे घेऊ नका.

फास्टॅगची केवायसी निघण्याआधी आठवडाभर तपासा. ती अर्धवट असली की टॅग काळ्या यादीत जातो आणि हे कळतं ते थेट टोलनाक्यावर. वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते, असा होता. एवढ्या लांबच्या फेऱ्यात तो परवडतो. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो; राज्याच्या रस्त्यावर टॅगमधले पैसे नेहमीसारखे कापले जातात, म्हणून खात्यात रक्कम ठेवावीच लागते.

सातारा ते कागल पट्ट्यात सहापदरीकरणाची वळणं आहेत. पुण्याहून पहाटे पाचला निघालं तरच दुपारच्या जेवणाला बेळगाव गाठता येतं. हुबळी-धारवाडला नातलग असतील तर तिथे मुक्काम करा. पुढचा यल्लापूर ते अंकोला रस्ता जंगलातला, अरबैल घाटाचा, आणि अवजड ट्रकांचा. तो उजेडात उतरायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की लायनिंग तापून जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. वास आला तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

अंकोल्याहून मंगळूर सव्वादोनशे किलोमीटर. मरवंतेला रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, तिथे थांबावंच. पहिला रविवार मंगळूरला, बलमठाच्या शांती कॅथेड्रलमध्ये. स्वित्झर्लंडचं बासेल मिशन इथे १८३४ मध्ये आलं. त्यांनीच १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. आपल्या कोकणातल्या जुन्या घरांवरचं मंगलोरी कौल या शहराचं, हे आजूबाजूला सांगितलं की यजमानांची कळी खुलते.

केरळात शिरल्यावर वेळेचं गणित बदलतं. राष्ट्रीय महामार्ग ६६ चं काम कुठे झालंय, कुठे सर्व्हिस रोडवरून रांगत जावं लागतं, तेव्हा तासाला पस्तीस किलोमीटर धरा. मुळप्पिलंगाडला चार किलोमीटरचा किनारा आहे, त्यावर गाडी चालवता येते. ओहोटी बघून जा, ओल्या घट्ट वाळूवरच राहा, आणि त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. नाहीतर सायलेन्सरचे नट गंजतात. पुढे तलश्शेरीला इल्लिक्कुन्नूवर जर्मन मिशनरी हेर्मान गुंडर्ट यांचा बंगला आहे. मल्याळमचा १८७२ चा कोश त्यांचा. २०२४ मध्ये तलश्शेरी-माहे बायपास झाल्यापासून गाड्या माहे गावात न शिरता पुढे जातात, पण माहे पुदुच्चेरीचा भाग असल्याने तिथे पेट्रोल केरळपेक्षा स्वस्त. टाकी अर्धी असेल तर वाट वाकडी करायला हरकत नाही.

कोचीला एर्नाकुलमच्या गर्दीतून न जाता कोडुंगल्लूरहून व्हायपीन बेटावरून उतरा आणि रो-रो बोटीने फोर्ट कोची गाठा. बोटीवर गाड्या इंचभर अंतराने लावतात. आरसे मिटा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, आणि शिट्टीवाला हात खाली करेपर्यंत चावी फिरवू नका. दोनपैकी एक बोट दुरुस्तीला असली की रांग तासावर जाते. पलीकडे सेंट फ्रान्सिस चर्च, १५०३ चं. वास्को द गामा १५२४ मध्ये इथे पुरला गेला आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आज ते सीएसआयचं उपासनामंदिर आहे. लोक थडग्याचा फोटो काढून निघून जातात. वर टांगलेले कापडी पंखे बघायचे राहतात.

दुसरा रविवार कोट्टयम. शनिवारी दुपारी चारपर्यंत पोचलंच पाहिजे, कारण वलियपळ्ळी या जुन्या चर्चमधले पहलवी (प्राचीन इराणी) अक्षरांचे क्रूस आणि जवळची १५७९ ची चेरियपळ्ळी उजेडात बघायची असतात. रविवारी ऑर्थोडॉक्स मंडळीत गेलात तर पायातलं बाहेर काढा, पुरुष आणि बायकांच्या बाजू वेगळ्या, बायकांच्या डोक्यावर पदर. पवित्र कुर्बाना, म्हणजे त्यांची प्रभूभोजनाची उपासना, दीड-दोन तास चालते, आणि त्यात प्रसाद घ्यायला पुढे जायचं नाही. तो त्यांच्याच सभासदांना असतो. आपल्यातले काही पाळक यावर रुसतात, ते मला पटत नाही. घर त्यांचं, नियम त्यांचा. मार थोमा मंडळीत ही अडचण नाही. फेब्रुवारीत पंपा नदीच्या पात्रात मार थोमा चर्चचं मारामण कन्व्हेन्शन हे धर्मसंमेलन आठवडाभर चालतं. जायचं नसेल तर त्या दिवसांत कोळंचेरीचा रस्ता टाळा.

आठवड्याच्या मधल्या दिवशी चर्च बंदच मिळतं. किल्ली चर्चच्या सेवेकऱ्याकडे असते: केरळात कप्यारकडे, तमिळ मुलखात कोविलपिळ्ळैकडे. सकाळी दहाच्या आत गाठा, दुपारी ते जेवून झोपतात. पाळकांना केरळात अच्चन आणि तमिळ मंडळ्यांत अय्यर म्हणतात. नावापुढे साहेब लावून विचारलं तर कोणाला कळत नाही.

तिसरा रविवार नागरकोईल. पहिली उपासना भल्या पहाटे असते, तेव्हा झगा शनिवारीच इस्त्री करून दाराला टांगा. पांढरा झगा आणि हिरवी व जांभळी अशा दोन स्टोल (गळ्यात घालायच्या पट्ट्या) पुरतात. गाडीत घडी न घालता मागच्या हुकला कापडी पिशवीत टांगल्या तर सुरकुत्या पडत नाहीत. संदेश इंग्रजीत द्यावा लागतो, कारण मराठीहून तमिळ करणारा दुभाष्या मिळत नाही. पंचवीस मिनिटं दिली असतील तर मजकूर बारा मिनिटांचा लिहा. वाक्यं छोटी ठेवा, विनोद गाळा, वचनांचे अध्याय-ओवी क्रमांक आधी दोन दिवस दुभाष्याला पाठवा, म्हणजे तो स्वतःच्या बायबलमधून वाचतो. तोंडी उल्था केलेलं वचन मंडळीला परकं लागतं. उपासनेनंतर मानधनाचं पाकीट हातात ठेवतात. घ्यायचं की नाही हे घरीच ठरवा; घेतलं तर आपल्या मंडळीच्या पावतीपुस्तकात चढवा. कन्याकुमारीच्या वाटेवर मयिलाडी लागतं, मिशनरी रिंगेलटाउबे यांनी १८०९ मध्ये तिथे मंडळी उभी केली. विवेकानंद शिलेच्या बोटीला सकाळी आठच्या आधी रांगेत उभं राहा.

मराठी माणसाने तंजावर गाळू नये. शिवगंगा बागेतलं श्वार्ट्झ चर्च १७७९ चं. आत पांढऱ्या संगमरवरात एक देखावा कोरलाय: खाटेवर मृत्युशय्येवरचे मिशनरी श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हातात घेतलेले पगडीतले सरफोजीराजे भोसले. राजांनी तो इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून आपल्या गुरूसाठी करवून घेतला. तिथून बृहदीश्वराच्या देवळात जा, भोसल्यांच्या वंशाचा १८०३ चा मराठी शिलालेख भिंतीवर वाचता येतो. पुढे शंभर किलोमीटरवर तरंगंबाडी. जर्मन मिशनरी त्सीगेनबाल्ग ९ जुलै १७०६ ला इथे उतरले. १७१८ च्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. तिथल्या डेन्सबोर्ग किल्ल्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद, म्हणून तंजावरहून गुरुवारी किंवा शनिवारी निघा.

चौथा रविवार चेन्नईच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये, जिथे २७ सप्टेंबर १९४७ ला सीएसआयची स्थापना झाली. फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यातलं १६८० चं सेंट मेरी चर्च सचिवालयाच्या आवारात आहे, ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेज रुग्णालयात कोणी नर्सिंगला असेल तर खोली आधी ठरवा. देशभरातून रुग्ण येतात, रात्री लॉज मिळत नाही.

बंगळूर ते हुबळी चारशे दहा किलोमीटर सरळ रस्ता. डुलकी इथेच लागते, दीड तासाला उतरा. घरी पोचल्यावर टोलचे एसेमेस तारखेवार ताडा. पास असूनही पैसे कापले गेलेले असतात, कधी एकाच नाक्यावर दोनदा. १०३३ वर तक्रार करा, नाक्याचं नाव आणि वेळ सांगा.