पेर-सेवे-रे

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. स्पेलिंग पाठ करायचं ते मराठीत फोडून. आठवीत 'पर्सिव्हिअर' आला तेव्हा अख्खा वर्ग 'पेर-सेवे-रे' घोकत होता. तरी डिक्टेशनमध्ये मी मध्येच एक जादा 'आर' घातला. बाईंनी त्याच्याभोवती लाल गोल केला, मग फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरात लिहिला आणि पहिली तीन अक्षरं डस्टरने झाकली. उरला 'सिव्हिअर', म्हणजे कडक. "लॅटिनमधला मूळ शब्द हाच. आता जादा 'आर' कुठे बसतो सांग." त्यानंतर ते स्पेलिंग माझं कधी चुकलं नाही.

गाइडमध्ये अर्थ 'चिकाटी धरणे' एवढाच होता. बाईंनी त्यासाठी अख्खा तास दिला. शेजारी 'पर्सिस्ट' लिहिला. ताप उतरत नाही, पाऊस हटत नाही, तिथे 'पर्सिस्ट'. माणूसही 'पर्सिस्ट' करतो, अगदी चुकीच्या हट्टापायीसुद्धा. पण 'पर्सिव्हिअर'मध्ये कौतुक आहे. वाटेत अडचण हवी, आणि सोडून देणं सोपं असताना माणसाने काम धरून ठेवलेलं हवं. क्रियापद अकर्मक, कामाचं नाव घ्यायचं तर आधी 'विथ' किंवा 'इन' हवं. मी विचारलं, "बाई, शेवटी त्याला जमतं का?" त्या थोडं थांबल्या. "ते या क्रियापदात नाही. त्याला वेगळं क्रियापद लागतं."

अकरावी सायन्सला सगळंच इंग्रजीत आलं. फिजिक्सच्या एका पानाला तास लागायचा आणि पहिल्या चाचणीत मी नापास झालो. गावी परत जावंसं वाटायचं. त्या दिवसांत बाईंचं ते उत्तर मला फार धीर देऊन गेलं. जमेल का, हा प्रश्न बाजूला ठेवून मी रोज पुढचं पान उघडत राहिलो.

१९ फेब्रुवारी २०२१ ला, आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजत असताना, नासाचं 'पर्सिव्हिअरन्स' मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरलं. बंगळुरूत जन्मलेल्या स्वाती मोहन यांनी ते उतरल्याचं जाहीर केलं आणि नियंत्रण कक्षात टाळ्या सुरू झाल्या. लेक माझ्याशेजारी जागी होती. तिने नावाचं स्पेलिंग विचारलं. मी कागदावर लिहिलं, पहिली तीन अक्षरं तळहाताने झाकली, आणि आपल्या बाईंची गोष्ट तिला पहिल्यापासून सांगायला बसलो.